आज्ञावलीची शाखा किती दिवस वेगळी ठेवावी?

येडगाव धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्याकडे जातो. त्याच्या शाखांत सोडलेले पाणी मुख्य कालव्यात परत येत नाही. संगणकाच्या आज्ञावलीला फुटणाऱ्या शाखांचा प्रकार नेमका उलटा. तेथे शाखा फुटते ती पुन्हा मुख्य प्रवाहाला मिळण्यासाठीच.

येडगावच्याच जुन्नर तालुक्यात, खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ती चालविणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या आंतरराष्ट्रीय दुर्बीण प्रकल्पाच्या नियंत्रण-व्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या गटाचे नेतृत्व केले. त्या प्रकल्पाची आज्ञावली मुक्तस्रोत आहे, म्हणजे ती कोणालाही वाचता येते. अनेक देशांतील मंडळी ती लिहितात. अशा कामात लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले 'गिट' हे साधन सर्रास वापरतात. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ते ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तासारखी ठेवते. शाखा केव्हा मिळवावी, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागते.

व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० मध्ये 'गिट-फ्लो' ही पद्धत मांडली. तीत मुख्य आणि विकास अशा दोन कायम शाखा असतात. नवे काम, नवी आवृत्ती व तातडीची दुरुस्ती यांसाठी आणखी शाखा काढतात. सतत अद्ययावत होणाऱ्या आज्ञावलींसाठी याहून सोपी पद्धत बरी, असे त्यांनीच २०२० मध्ये नमूद केले. त्या सोप्या पद्धतीत मुख्य प्रवाह एकच असतो. शाखा एक-दोन दिवसांची, आणि सहकाऱ्याने तपासल्यावाचून व स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण झाल्यावाचून ती मिळवायची नाही.

दुर्बिणीसारख्या प्रकल्पाला ही दुसरी पद्धत अधिक हितावह दिसते. समजा, एका गटाने तबकडीचा कोन अंशांत धरला आणि दुसऱ्याने वेगळ्या धारिकेत तोच रेडियनमध्ये. गिट दोन्ही शाखा निमूटपणे जोडून देईल, कारण ते ओळी ताडून पाहते, अर्थ नव्हे! तीन महिन्यांनी जोडणी झाली तर चूक शोधण्यात आठवडे जातील. दुसऱ्याच दिवशी झाली तर चाचणी ती लगेच दाखवील. अर्थात चाचण्याच नसतील तर शाखा आखूड ठेवूनही फारसा लाभ नाही.

प्रत्यक्ष निरीक्षणे चालू असताना वापरातील आवृत्ती मात्र गोठवावी लागते. तीत केवळ दुरुस्त्या कराव्यात, आणि प्रत्येक दुरुस्ती त्याच दिवशी मुख्य प्रवाहातही नेावी. ती तेथे न्यायची राहिली, तर पुढील आवृत्तीत जुनाच दोष पुन्हा अवतरतो आणि निरीक्षणासाठी मिळालेली रात्र वाया जाते.