डोंगळा फुलला, पण माशी कुठाय?

पौष सरत आला की कांद्याच्या डोंगळ्याला दांडे सुटतात आणि माघात गोंडे पांढरे होऊ लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकरी दहा-बारा क्विंटल निवडक कांदा जमिनीत लावून, त्याला अडीच-तीन महिने खतपाणी करून बीजोत्पादक शेतकरी ज्या दिवसांची वाट पाहतो, ते हेच दिवस. कृषी सेवा केंद्रात याच दिवसांत एक प्रश्न हमखास कानावर येतो, "गोंडा भरत नाही, काय मारू?" काउंटरपलीकडून बोरॉनची पुडी येते, एखादे टॉनिक येते, सोबत फुलकिड्यांसाठी एक बाटली येते. गोंड्यावर माशी किती बसते, हे मात्र विचारणारही विचारत नाही आणि विकणाराही नाही.

या लेखात सांगायचे ते एवढेच, की यंदा डोंगळ्यावरच्या माश्या मोजा आणि फवारणीचे वेळापत्रक त्या माश्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे लावा.

कांद्याचे फूल समजून घेतले तर हे का, ते लगेच कळते. एका गोंड्यात दोनशेपासून सहाशेपर्यंत, कधी त्याहून जास्त, बारीक फुले असतात. ती एकदम उमलत नाहीत. दोन ते चार आठवडे एकेक करून उमलत राहतात. प्रत्येक फुलात आधी नराचे काम होते. पुंकेसर फुटतात, पराग झडतात. तोवर त्याच फुलातला स्त्रीकेसर आखूड आणि कच्चा असतो. पराग झडून गेल्यावर तो लांबतो आणि दुसऱ्याचा पराग घ्यायला तयार होतो. म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या स्वतःच्या कामाचा नाही. मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो, तसा कांद्याचा उडत नाही. कोणीतरी तो अंगावर घेऊन या फुलावरून त्या फुलावर न्यावा लागतो. प्रत्येक फुलाच्या बोंडात तीन कप्पे आणि कप्प्यात दोन अशी जास्तीत जास्त सहा बिया धरू शकतात. सहा धरायच्या की एक, की पोचट बोंड, हे बहुतांशी त्या पाहुण्यांवर ठरते.

खात्री करायची असेल तर फुटायच्या आधी पाच गोंड्यांवर मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या बांधा आणि दांड्याला लाल दोरी लावून ठेवा. काढणीपर्यंत त्या सोडू नका.

यात आणखी एक गोम आहे. मधमाशीला कांद्याचा मकरंद फारसा आवडत नाही. त्यात पालाशाचे, म्हणजे पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते आणि माशीला ते नकोसे वाटते, असे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७० च्या दशकातच मांडले होते. शेजारी मोहरी, कोथिंबीर किंवा करडई फुलात असेल तर माशी आधी तिकडे जाते. त्यामुळे डोंगळ्यात नेहमीच्या पिकापेक्षा जास्त माश्या लागतात. मोजक्या माश्यांवर आंबा भागेल, डोंगळा भागणार नाही. काही जण उपाय म्हणून गुळाचे पाणी फवारतात. माझ्या मते त्याचा परिणाम उलटा होतो: माशी पातीवरचा गूळच चाटत बसते, फुलात उतरत नाही.

आपल्याकडे डोंगळ्यावर राबणाऱ्या माश्यांत पेटीतल्या माश्या थोड्या, फुकटच्या जास्त. उंच झाडांवर, पाण्याच्या टाकीखाली, पुलाच्या कमानीत मोठे मोहोळ करणारी आग्या. झाडाच्या ढोलीत राहणारी आणि पेटीतही पाळता येणारी सातेरी. बांधावरच्या झुडपात तळहाताएवढे एकच पोळे लटकवणारी बारीक फुलोरी. कोरडवाहू पट्ट्यात फुलोरी आणि आग्या यांचेच काम मोठे. या दोघींना पेटीत घालता येत नाही. भाड्याने आणता येत नाहीत, विकतही मिळत नाहीत. त्या शिवारात राहिल्या तरच आहेत.

आणि राहायला जागा उरली आहे का, हे बांधावर उभे राहून पाहा. ट्रॅक्टरच्या दर नांगरटीत बांध वीतभर खाल्ला गेला. जो उरला त्यावर तणनाशक मारले, मग पेटवला. करवंद, बोर, घाणेरी, तरवड, हिवर यांचे ते गचपण आपल्याला अडगळ वाटते. फुलोरीचे मात्र ते घरच. ते जाळले की फुकटचा मजूर गाव सोडतो. आग्याच्या मोहोळाला मशाल लावून मध काढणारे आहेतच. शहरात तर मोहोळ दिसले की औषध मारणाऱ्याला फोन जातो.

घर गेले तसे ताटही गेले. तीस-चाळीस वर्षांपूर्वी मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे पावसाळ्यात कारळा आणि सूर्यफूल, हिवाळ्यात करडई आणि जवस, बांधाकडेने तूर असे काही ना काही फुलत असायचे. आता खरिपात सोयाबीन आणि कपाशी, पाणी असेल तिथे ऊस. उसाच्या हजारो एकरांत माशीला काही मिळत नाही. एका मोहोळाला वर्षाचे बारा महिने काहीतरी फुललेले लागते आणि आपण त्याला डोंगळ्याचे वीस-पंचवीस दिवस देतो, तेही औषध मारलेले.

सगळा दोष औषधावर टाकणे सोपे आहे आणि पूर्ण खरे नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने संपल्या; त्यात शेतकऱ्याचा हात नव्हता. आइन्स्टाइनच्या नावावर खपवले जाणारे, माशी संपली की माणूस चार वर्षांत संपेल हे भाकीतही बाजूला ठेवा. त्याने तसे म्हटल्याचा पुरावा नाही, आणि ज्वारी, गहू, भात, ऊस यांना माशीची गरजही नाही. माणूस जगेल. पण कांद्याचे बी, कलिंगड, दोडका, डाळिंब, सूर्यफूल यांचे काय, हा प्रश्न ज्याच्या शेतात ती पिके आहेत त्याचाच आहे.

आता औषधाकडे. डोंगळ्यातले मोठे दुखणे फुलकिडे आणि जांभळा करपा. फुलकिड्यांसाठी लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन, प्रोफेनोफॉस, फिप्रोनील ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत. तिन्ही माशीला अतिशय विषारी. बाटलीवरचा त्रिकोण पाहून ठरवू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणसाला आणि जनावराला किती धोका, ते सांगतात. माशीबद्दल ते काही सांगत नाहीत. निळ्या त्रिकोणाचे औषध निर्धास्त सकाळी नऊला मारणारे शेतकरी मी पाहिले आहेत. लेबल आणि सोबतची घडीपत्रिका उलगडून मधमाशीबद्दलची सूचना वाचा. बारीक अक्षरात असते, पण असते.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारख्या आंतरप्रवाही औषधांची गोष्ट वेगळी. लागवडीच्या वेळी कंद त्यात बुडवा की ठिबकातून सोडा, ती रसातून वर चढतात आणि परागात, मकरंदातही उतरतात. फ्रान्समध्ये २०१२ साली संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर बारीक टॅग चिकटवून त्यांना साखरपाण्यातून थायामेथोक्झामचा न मारणारा डोस दिला आणि पेटीपासून दूर सोडले. डोस घेतलेल्या कितीतरी माश्या घरी परतल्याच नाहीत; वाट विसरल्या. अशा शेतात पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा दिसत नाही. पेटी नुसती हलकी होत जाते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे ती विक्रीत आहेत, त्यामुळे निर्णय आपल्या हातात आहे. डोंगळा लावायचा असेल त्या वाफ्यात ती नकोत.

तिसरी खोड म्हणजे एका टाकीत चार औषधे. मजुरी वाचते हे खरे, पण प्रोपिकोनॅझोलच्या गटातली काही बुरशीनाशके माशीची विष पचवायची ताकद कमी करतात. सोबतच्या सायहॅलोथ्रिनचा फटका मग कितीतरी पटीने बसतो. वेगवेगळी मारली असती तर कदाचित तगली असती, अशी माशी त्या एका पंपात मरते.

मग फुलकिडे सोडून द्यायचे का? नाही. त्यांचा बंदोबस्त गोंड्यावरचा पातळ पापुद्रा फुटायच्या आधी उरकायचा. म्हणजे आत्ता, या पंधरवड्यात. पात उघडून बुडाशी किडे पाहा, गरज असेल तर लेबलवर कांद्यासाठी शिफारस असलेले औषध मारून मोकळे व्हा. कडेने आधीच मका लावला असेल तर तो फुलकिड्यांना बराच अडवतो; राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची ती जुनी शिफारस आहे. एकदा फूल उमलले की कीटकनाशक शक्यतो नकोच. अगदीच पीक जायची वेळ आली तर निंबोळीवर भागवा, आणि दुसरे काही मारावेच लागले तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर. कांद्याचे पराग सकाळी नऊपासून दुपारनंतरपर्यंत झडत असतात, माशीचा वावरही त्याच वेळेत. सकाळी दहिवर ओसरले की पंप पाठीवर घ्यायची आपली सवय नेमकी माशीच्या पहिल्या फेरीवर घाला घालते. फुलोऱ्यात तुषार सिंचनही बंद ठेवा; भिजलेला पराग वाया जातो. पाणी सरीने किंवा ठिबकनेच द्या.

पेट्या आणायच्या असतील तर थोडे नियोजन लागते. मेलिफेराच्या, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या परदेशी माशीच्या, एकरी दोन-तीन दणकट पेट्या ठेवाव्यात. दणकट म्हणजे झाकण उघडल्यावर आठ-दहा चौकटी माश्यांनी झाकलेल्या आणि आत पिल्ले असलेल्या. अर्ध्या रिकाम्या पेटीतल्या माश्या घरचेच काम करत बसतात, बाहेर पडत नाहीत. पेट्या लवकर आणू नका. शंभरातली पाच-दहा फुले उमलली की आणा. त्याआधी आणल्या तर माश्या कुठे शेजारच्या मोहरीवर जायला शिकतात आणि मग तिकडेच जात राहतात. पेट्या रात्री आणा, सकाळचे ऊन दारावर आणि दुपारची सावली पाठीवर येईल अशा ठेवा, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जवळ पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा. खडे नसले तर माश्या बुडतात. शेजारी फवारणार असेल तर आदल्या रात्री दार जाळीने बंद करा आणि फवारणी उरकली की उघडा. दिवसभर बंद ठेवलेली पेटी उन्हात आतल्या आत मरते.

आणि शेजाऱ्याशी बोला. माशी दोन-तीन किलोमीटर फिरते. तिला तुमचा गट नंबर माहीत नसतो. याच कारणाने वाणाची शुद्धताही पाहावी लागते. पायाभूत बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून १००० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर अंतर ठेवायचा नियम माशीमुळेच आहे. पेट्या आणल्या आणि अंतर पाळले नाही तर बी भरेल, पण भेसळीचे.

सातेरी स्वतः पाळायची असेल तर पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' झाले. दोन दिवस जाऊन पाहून या. पेटी हातात घेतल्याशिवाय भीती जात नाही.

कलिंगड-खरबुजवाल्यांसाठी थोडक्यात: मादी फूल एकच दिवस उघडते, तेही सकाळी. पहिली मादी फुले दिसताच क्रॉप कव्हर काढा आणि त्या दिवसांत सकाळची फवारणी टाळा. एका बाजूने फुगलेले, दुसऱ्या बाजूने आखडलेले फळ बऱ्याचदा खतामुळे नव्हे, माशी कमी बसल्यामुळे होते.

आता डोंगळ्यावरच्या माश्या मोजायच्या कशा? डोंगळा निम्मा फुलला की सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान एका सरीने सावकाश चाला, शंभर गोंडे पाहा, त्यांवर बसलेल्या माश्या मोजा आणि कॅलेंडरवर त्या तारखेखाली आकडा लिहा. तीन-चार दिवसांनी पुन्हा. फवारणी केली असेल तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम. आकडा निम्म्याने पडला तर कोणत्या बाटलीने पडला, ते तुम्हालाच कळेल; पुढच्या वर्षी ती बाटली कोणी फुकट दिली तरी घेणार नाही.

मार्चअखेर-एप्रिलमध्ये गोंड्यातली काही बोंडे उकलून काळे बी दिसू लागले की खुडणी सुरू होईल. लाल दोरीचे ते पाच गोंडे वेगळे खुडा, वेगळे वाळवा, हातानेच मळा. शेजारी उघड्या राहिलेल्या तेवढ्याच आकाराच्या पाच गोंड्यांचे बी दुसऱ्या कागदावर घ्या. दोन्ही पुड्या बांधून ठेवा आणि पुढच्या माघात टॉनिक आणायला निघाल तेव्हा खिशात घालून न्या.