बालाघाटाच्या वाटेवरची सायकल

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावर चढणाऱ्या पायवाटा खडकाळ आणि मुरमाड आहेत. अशा वाटेसाठी जुन्या सायकलीला नवा साज चढवण्यापेक्षा तिचे ओझे उतरवणे अधिक हिताचे. म्हणून कसबी कारागीर प्रथम खडखडणारे मडगार्ड आणि चेनकव्हर काढतो. (मग पायजम्याची कड मात्र बांधावी लागते!)

त्यानंतर तो चढाचा विचार करतो. पायडलजवळच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे सुखाचे. चढावर मात्र छाती भरून येते. त्याच जागी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले, की चाक दोनदाच फिरते. वेग घटतो, पण पायांवरचा भार हलका होतो. दाते वाढल्यामुळे चेन अपुरी पडते. तेव्हा चाक किंचित पुढे सरकवावे लागते, नाहीतर चेनला कड्यांची एक जोडी जोडावी लागते.

एवढे झाले, तरी सायकल वाटेवर नेण्याजोगी होत नाही. चढ दमवतो, पण घात करतो तो उतार. मांजरसुंब्याकडच्या डोंगरउतारावर सुटे खडे चाकाखालून निसटतात. तेथे झिजलेल्या ब्रेकवर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून कारागीर ब्रेकची रबरे बदलतो, दोन्ही ब्रेक दाबून चाके अडतात की नाही ते पाहतो, आणि मगच सायकल मालकाच्या हाती देतो.