झाकणावरचा टोटोरो

लॅपटॉपच्या झाकणावर हातानं चित्र काढायची हौस असेल, तर एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. ते झाकण सुटा भाग असतं. बिजागरी मोडली की दुरुस्तीवाले अख्खं टॉप पॅनेल बदलून टाकतात. माझा टोटोरो असाच गेला. लॅपटॉप वॉरंटीत होता, पैसा लागला नाही, नवं कोरं झाकण लावून यंत्र हातात पडलं. जुनं पॅनेल मागितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बदललेला पार्ट कंपनीला परत जातो." तो खरंच बोलत होता, त्याच्याशी भांडून काय मिळणार होतं? मी त्याला चित्राचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "भारी आहे, प्रिंट काढून चिकटवा ना!"

टोटोरो म्हणजे हायाओ मियाझाकी यांच्या १९८८च्या चित्रपटातला तो जंगलातला लठ्ठ, करडा प्राणी. मी चित्रकलेच्या शिकवण्या घेते, आणि माझ्याकडच्या निम्म्या मुलांना लॅपटॉपवर असलं काहीतरी काढायचंच असतं: कुणाला लुफी, कुणाला चिंटू. ‘काढू नका’ असं मी सांगत नाही. थेट झाकणावर काढू नका, एवढंच सांगते.

थेट काढण्यात पॅनेल जाण्याखेरीजही कटकटी आहेत. ॲल्युमिनियमचं झाकण असेल तर रंग बरा बसतो, पण बॅगेत घासून कडांचे टवके उडतात. काही जुन्या लॅपटॉपना रबरासारखा मऊ लेप असतो, त्याच्या तर वाटेलाही जाऊ नका. काही वर्षांनी तो स्वतःच चिकट होतो, वर रंग काय टिकणार? मार्कर घ्यायचे तर पाण्यातल्या ॲक्रिलिक रंगाचे घ्यावेत. साधे परमनंट मार्कर स्पिरिटमध्ये विरघळतात, आणि डबीतल्या स्प्रे व्हार्निशमध्येही तशीच द्रावकं असतात. चित्र पक्कं करायला म्हणून फवारा मारावा, तर बुबुळांची काळी शाई गालावर ओघळते. त्यातून पावसाळा असेल तर हवेतला ओलावा व्हार्निशमध्ये अडकून वर पांढरट धुकं धरतं. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे काम जून ते सप्टेंबर बासनात ठेवावं. चुकलेलं पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर मात्र कधीही नको. त्यातलं ॲसिटोन प्लास्टिकचं झाकण विरघळवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला किंचित लावून पुसावं, तेही आधी कोपऱ्यात करून बघून. आणि काहीही करताना झाकणावर जोर देऊ नका, मागे लगेच स्क्रीनची काच असते.

आता माझी सध्याची पद्धत. बाजारात पारदर्शक कडक कव्हरं मिळतात, पॉलिकार्बोनेटची, लॅपटॉपला वरून खटकन बसणारी. मी चित्र त्या कव्हरच्या आतल्या बाजूला काढते. म्हणजे रंग आत राहतो, बाहेर नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. घासलं तर ते घासेल. व्हार्निशची गरजच उरत नाही, आणि लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा झाला की कव्हर काढून घरी ठेवता येतं.

यात शोध काही नाही. ही काचचित्रांची जुनी रीत आहे. काचेच्या मागून रंगवायची ही कला अठराव्या शतकात चीनशी चाललेल्या व्यापारातून आपल्याकडे आली आणि इथल्या सरदार-सावकारांच्या वाड्यांत रुळली. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात तशी चित्रं आहेत. हे काम करायच्या आधी तिथे जाऊन चेहऱ्यांकडे नीट बघा. सगळं काम उलटं चालतं. कागदावर आपण शेवटी जे करतो ते इथे आधी करायचं. टोटोरोची बुबुळं, नाक, मिशा आणि पोटावरच्या त्या कमानी सर्वांत आधी. त्या वाळल्या की डोळ्यांचा पांढरा आणि पोटाचा फिकट रंग. मग अंगाचा करडा. पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. एखादी मिशी राहून गेली आणि वर करडा चढला, की ती मिशी गेली. मुलं इथेच रडकुंडीला येतात, म्हणून मी आधी कागदावर क्रमांक घालून घ्यायला लावते.

डावं-उजवं बदलतं, अक्षरं असतील तर ती आरशातल्यासारखी काढावी लागतात. शिवाय चित्राची वरची बाजू कुठली? मिटलेला लॅपटॉप आपल्यासमोर ठेवून सुलट काढलं, तर उघडल्यावर समोरच्याला टोटोरो शीर्षासनात दिसतो. ॲपलनेही हा घोळ घातला होता. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर सफरचंद मालकाला सुलट आणि जगाला उलटं दिसायचं. २००१च्या सुमारास त्यांनी ते फिरवलं. तुम्ही कुणासाठी काढताय ते ठरवा. मी बिजागरीच्या बाजूला पाय आणि उघडायच्या कडेला डोकं काढणाऱ्यांपैकी, म्हणजे फक्त स्वतःपुरतं सुलट ठेवायचा हट्ट नसलेली!

रंगापूर्वी कव्हर भांड्याच्या साबणानं धुऊन पूर्ण वाळवा, बोटांचं तेल राहिलं की रंग सुटतो. सॅंडपेपर मात्र मारायचा नाही, पारदर्शकपणाच जाईल. थर पातळ द्या, आणि चित्र झाल्यावर आठवडाभर तरी उघडं राहू द्या. ॲक्रिलिक वरून वाळलेलं दिसतं, पण उष्णतेनं पुन्हा चिकट होतं, आणि लॅपटॉप तर तापतोच. म्हणून मी रंग आणि झाकण यांच्यामध्ये ओएचपीची पातळ शीट कापून घालते. धातूच्या वर्खाचा मोह टाळा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायचे अँटेना स्क्रीनच्या कडेनं झाकणातच असतात, आणि धातू त्यांच्या आड येतो. बिजागरी आधीच सैल असेल तर कडक कव्हर बसवूच नका, झाकणावरचं वजन वाढतं. अशांनी, आणि ज्यांच्या मॉडेलला कव्हरच मिळत नाही त्यांनी, काढता येणारी व्हिनाइल स्किन घेऊन तिच्यावर काढावं. ते दुय्यम, पण चालतं.

आतल्या बाजूला, कीबोर्डच्या आजूबाजूला काही काढू नका. मिटलेल्या लॅपटॉपमध्ये जागाच नसते. कॅमेऱ्यावर झाकणी लावून मॅकबुक मिटू नका, असा इशारा ॲपलने २०२०मध्ये दिला होता. लावायचीच असेल तर ती प्रिंटरच्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून जाड नको. रंगाचे चार थर याहून सहज जाड होतात. तळाकडे आणि बिजागरीजवळ वारा जायच्या फटी असतात, त्या मोकळ्या ठेवा.

राहिला पैशाचा प्रश्न. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी रास्त वापराची मोकळीक आहे, त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवरच्या टोटोरोमागे कुणी लागणार नाही. विकायला बसलात की ती ढाल उरत नाही. जपानमध्ये १९७५पासून कॉमिकेटसारख्या मेळ्यांत चाहते दुसऱ्यांच्या पात्रांवरची पुस्तकं विकत आले आहेत, हे मुलं मला ऐकवतात. पण तिथेही मूळ मालक बहुतेक वेळा काणाडोळा करतात म्हणून ते चालतं, हक्क म्हणून नाही. शिकवणीतली एक मुलगी कव्हरं विकायचं म्हणत होती, तिला मी पात्र स्वतःचं काढायला सांगितलं. ती हल्ली पाठीवर गॅस सिलिंडर घेतलेलं मांजर काढते, आणि ऑर्डरी मला येतात त्यापेक्षा जास्त येतात.