डोंगरावरची एक रात्र



आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मुलांना शिकवले. पुढे एका रात्री आम्हीच विद्यार्थी झालो. आम्हांला शिकवणाऱ्या आजीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी दिलेला धडा आज तुम्हांला सांगतो. तो धडा तुमच्या घरातही उपयोगी पडेल.

सन २०१९ चा डिसेंबर महिना होता. आमचा मुलगा शहरात नोकरी करतो. तो म्हणाला, "दादा, पोरांनी डोंगर फक्त चित्रात पाहिला आहे. या सुटीत आपण दोन रात्री डोंगराच्या पायथ्याशी राहू." आमच्या मंडळींनी लगेच होकार दिला. सूनबाईंनी दशम्या केल्या, चटणी कुटली. आठ वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात तर आनंदाने नाचूच लागली. अशी आम्ही सहा माणसे निघालो.

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव अहमदनगर. गड अकोले तालुक्यात असून त्याची उंची सुमारे १४२४ मीटर आहे. गडावर जायच्या अनेक वाटा आहेत. लहान मुले बरोबर असली, की पाचनई गावाची वाट त्यांतल्या त्यात सोपी. हा सारा मुलूख अभयारण्यात येतो. तेथे जंगलाला धोका होईल असा विस्तव पेटवणे कायद्याने गुन्हा आहे. म्हणून गडावर न राहता आम्ही पायथ्याच्या एका शेतकऱ्याच्या रानात मुक्काम केला. मुलाने शहरातून कापडी राहुटी आणली होती.

भात कापून झाले होते. खाचरे मोकळी होती. शेतकऱ्याची म्हातारी आई अंगणात वरई पाखडत होती. आम्ही ओढ्याकाठच्या खोलगट खाचरात राहुटी ठोकू लागलो. ते पाहून आजी म्हणाल्या, "गुर्जी, तिथं गारठा लई. वर खळ्यात उतरा."

आम्ही हसून म्हणालो, "आजीबाई, इथे पाणी जवळ आहे. शिवाय आडोसाही आहे."

आजी पुढे काही बोलल्या नाहीत. आम्हांला वाटले, आपण त्यांना पटवून दिले. खरे म्हणजे आम्ही त्यांचे ऐकलेच नव्हते.

संध्याकाळी मुले ओढ्यात खेळली. धाकटीच्या परकराचा काठ भिजला. अंधार पडताच गार वारा सुटला. घाईघाईत तिच्या अंगात स्वेटर चढवला. आत परकर ओलाच राहिला. तिकडे कुणाचेच लक्ष गेले नाही. पिठले-भाकरी खाऊन सारे झोपी गेले.

मध्यरात्री धाकटीच्या कण्हण्याने सूनबाईंना जाग आली. पोर थडथड कापत होती. हातपाय बर्फासारखे गार. ओठ निळसर दिसत होते. थोड्या वेळाने तिचे कापणे कमी झाले. आम्हांला वाटले, आता तिला बरे वाटते आहे. पण हाक मारली तर ती नीट ओ देईना. तेव्हा मात्र आमच्या पोटात धस्स झाले.

आम्ही धावत शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्याला उठवले. चुलीतले निखारे शेगडीत भरून घेतले. शेगडी राहुटीत आणून ठेवली. वारा आत येऊ नये म्हणून राहुटीचे तोंड घट्ट बांधून घेतले. आत ऊब आली. आम्हांला हायसे वाटले.

इतक्यात बाहेरून आजींचा आवाज आला. "गुर्जी, शेगडी कुठं नेली? आत घेतली का काय?"

आम्ही "हो" म्हणताच त्यांनी बाहेरून राहुटीचे बंद सोडले, पदराने शेगडी धरली आणि ओढून बाहेर काढली. आम्ही रागाने म्हणालो, "अहो, पोर गारठली आहे!"

आजी म्हणाल्या, "गारठलेली पोर ऊब दिली की उठंल. पर ह्या शेगडीनं निजलेली सारीच उठायची न्हाईत. माझ्या थोरल्या जावंच्या बाळंतपणात अशीच शेगडी खोलीत ठिवली व्हती. दार लावलं, खिडकी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या. सकाळी जाऊ उठली न्हाई. पोर बी उठलं न्हाई. धूर न्हवता, वास न्हवता. मंग कशानं गेली? आमी म्हणलो, भाईरचं काई लागलं. पुढं दवाखान्यातल्या बाईनी सांगितलं, शेगडीनं गेली."

आम्ही गप्प झालो.

आजींनी पोरीला घरात नेले. तिचे ओले कपडे उतरवले. अंग कोरडे पुसले. सूनबाईंना म्हणाल्या, "हिला उघड्या अंगानं छातीशी धर." वरून दोन गोधड्या पांघरल्या. पोरीच्या डोक्याला स्वतःचे फडके बांधले. आम्ही तिचे तळवे जोराने चोळू लागलो, तर त्यांनी आमचा हात बाजूला केला. "चोळू नगा, नुसतं धरा." पोर चांगली शुद्धीवर आल्यावर तिला गुळाचे कोमट पाणी घोट घोट पाजले.

तासाभराने धाकटीने डोळे उघडून विचारले, "आजोबा, गडावर जायची वेळ झाली?" आम्हांला उत्तर देता आले नाही. आमच्या मंडळींनी डोळ्यांना पदर लावला.

असे का घडले?

आता या गोष्टींची कारणे पाहू.

पहिली गोष्ट. जसजसे उंच जावे, तसतशी हवा गार होते. १००० मीटर उंचीला साधारण ६ अंश थंडी वाढते. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यापेक्षा गडाचा माथा सुमारे ९ अंशांनी गार असतो.

दुसरी गोष्ट. गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साठते. म्हणून ओढ्याकाठी गारठा जास्त. खळे उंचावर, कोरडे. आजींना हे अनुभवाने ठाऊक होते.

तिसरी गोष्ट. ओला कपडा अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते. गारठलेल्या मुलाचे कापणे थांबले आणि ते सुस्त झाले, तर ते बरे झाले असे समजू नये. ती धोक्याची खूण आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोळसा किंवा लाकूड जळताना एक विषारी वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. धगधगत्या निखाऱ्यांतून धूर दिसला नाही, तरी हा वायू निघतच असतो. आपले रक्त प्राणवायू वाहून नेते. हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागा उरत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, झोप येते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. राहुटी असो, बाळंतिणीची खोली असो की उभ्या मोटारीत काचा बंद करून पेटवलेली शेगडी असो, धोका तोच.

दुसऱ्या दिवशी धाकटीला डॉक्टरांना दाखवून आणले. त्यांनी तपासून काळजी नाही असे सांगितले. राहुटी आम्ही खळ्यात हलवली. ओढ्याचे पाणी तेथून शंभर पावलांवर होते. तेवढी शंभर पावले आदल्या दिवशी आम्हांला जड झाली होती!

तिसऱ्या दिवशी सकाळी गड चढलो. केदारेश्वराच्या गुहेत मोठे शिवलिंग आहे. भोवती गारेगार पाणी. चार खांबांपैकी एकच खांब शाबूत आहे. तो पडला की जग बुडेल, अशी लोकांची समजूत आहे. हे ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, मी धरून उभा राहू का?" सारे हसले. मुलांना कोकणकडा लांबूनच, हात धरून दाखवला. ऊन कलण्याच्या आत खाली उतरलो.

निघताना आम्ही आजींना नमस्कार केला. त्या संकोचून म्हणाल्या, "गुर्जींनी पाया पडू नये." आम्ही म्हणालो, "आजीबाई, या गावात गुरुजी तुम्ही."

लक्षात ठेवा

१. निजायच्या बंद जागेत पेटती शेगडी कधीही ठेवू नये. शेक द्यायचा असेल तर दार-खिडकी उघडी ठेवावी, आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी.

२. मुक्काम उंच, कोरड्या, सपाट जागी करावा. त्या गावच्या माणसांचा सल्ला घ्यावा.

३. निजण्यापूर्वी मुलांचे कपडे हात लावून पाहावे. ओले असतील तर बदलावे.

४. गारठलेल्या मुलाला कोरडे करून मोठ्या माणसाच्या अंगाशी धरावे, डोके झाकावे. चोळू नये. दारू पाजू नये. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. मूल सुस्त झाले तर दवाखाना गाठावा.

५. शेगडीच्या खोलीत कुणाला चक्कर आली, तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे. १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न

१. आजींनी ओढ्याकाठी राहू नका असे का सांगितले?

२. निखाऱ्यांना धूर नसला तरी धोका का असतो?

३. तुमच्या घरी थंडीत शेगडी कोठे ठेवतात? घरी जाऊन पाहा, आणि हा पाठ घरच्यांना वाचून दाखवा.