शाळेतली खिचडी गोड, घरची भाकरी कडू?

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. घरी त्याला वरणातली कोथिंबीरसुद्धा चालत नाही. भाकरीचा घास गालात धरून बसून राहतो. आणि हाच पोरगा शाळेत मटकीची खिचडी ताटभर खातो, वर पुन्हा मागतो, असं बाई सांगतात. त्या खिचडीत असं घालतात तरी काय? मी घरी तशीच करून पाहिली, तर शिवलासुद्धा नाही.
— एक आई, चाळीसगाव

उत्तर : ताई, खिचडीत गुपित काही नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल, असं शालेय पोषण आहाराचं ठरलेलं माप आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. तुमच्या घरची खिचडी याहून सरसच असणार. घरी नसते ती पंगत.

शेजारचा खातो म्हणून हा खातो. लीन बर्च या अमेरिकी संशोधिकेने 1980 साली बालवाडीतल्या मुलांवर हेच तपासलं होतं. एखादी भाजी नावडणाऱ्या मुलाला ती आवडीने खाणाऱ्या मुलांबरोबर काही दिवस जेवायला बसवलं, तर तोही ती भाजी उचलायला लागला. तुमच्याकडे मुलगा एकटा टीव्हीसमोर आणि मोठी माणसं मागाहून, असं होत असेल तर आधी ते बदला.

दुसरी गोष्ट आग्रहाची. पाहुणा नको-नको म्हणत असताना त्याच्या वरणात आणखी एक बट्टी चुरायची, ही आपली खान्देशी रीत. पाहुण्याला ती शोभते. पोराच्या रोज मागे लागलं की भाकरी म्हणजे आईशी भांडण, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. बर्च यांच्याच चमूने 2006 मध्ये मुलांना सूप देऊन पाहिलं. ‘संपव’ म्हणून मागे लागल्यावर मुलं कमी प्यायली आणि नावं मात्र जास्त ठेवली! एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी सांगितली आहे : काय, केव्हा आणि कुठे वाढायचं ते आईबापांनी ठरवायचं, किती खायचं, खायचं की नाही, ते मुलाने. ऐकायला सोपं, पाळायला अवघड, त्यातून घरात आजी असली तर विचारूच नका.

भुकेचंही बघा. संध्याकाळी चहा-बिस्कीट, मग किराणा दुकानातली पाच रुपयांची पुडी, आणि आठ वाजता आपण म्हणतो, पोरगा जेवत नाही. त्या वेळी केळं द्या, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्या. केळ्यांच्या जिल्ह्यात राहून पुडीवर दिवस काढण्यात काय हशील? शिवाय चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा होतो, तेव्हा जेवणाच्या आगेमागे तो नकोच.

आणि आपलं तिखट! भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजून झाली की मिरची-लसणाचा ठेचा घालण्याआधी पोराची वाटी बाजूला काढा. वर कच्चं तेल, मीठ, थोडी कांद्याची पात. सोबत कळण्याची चानकी थापा, त्याच्या तळहाताएवढी. अख्ख्या भाकरीला लहान मूल बघूनच कंटाळतं. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी ते उडदात असतं, त्यामुळे हा घास भातापेक्षा मोलाचा. पहिल्या दिवशी तो तोंड वाकडं करील. करू द्या, ताट उचला, पण बदल्यात नूडल्स देऊ नका. नव्या चवीची ओळख व्हायला मुलाला आठ-दहा वेळा, कधी जास्तही, ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळीच हात टेकतो.

एवढं मात्र बघा : वजन वाढत नसेल, पोरगा लवकर दमत असेल किंवा माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खात असेल, तर हे नुसते खाण्याचे नखरे नव्हेत. सरकारी दवाखान्यात नेऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.