राणी छाप रुपया घेताय? आधी पाण्यात तोला!

जुन्या नाण्यांच्या धंद्यात उतरणाऱ्याची पहिली खरेदी बहुधा राणी छाप किंवा राजा छाप चांदीचा रुपया असते. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी गिऱ्हाईक येतंच, माल अडकत नाही. म्हणूनच नकलाही भरपूर. वीस नाण्यांच्या लॉटमध्ये चार खोटी निघाली, तर अख्ख्या लॉटचा नफा गेला समजा. आणि ती चुकून विकली गेली तर गिऱ्हाईकही गेलं.

बरेच जण खिशातून चुंबक काढतात. चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे लोखंड नाही, एवढंच कळतं. पितळ आणि जर्मन सिल्व्हरसुद्धा चिकटत नाही. उलट १९४७चा खरा रुपया निकेलचा आहे, तो चिकटतो!

मग काय करायचं? व्हिक्टोरिया राणीपासून १९३९पर्यंतच्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी ९१.७ टक्के. पण झिजलेलं नाणं हलकं भरतं, आणि नकली नाणं बरोबर वजनाचं बनवता येतं. म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका, पाणी वापरा.

दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर झटका. आता ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला काटा साधारण १.१३ दाखवेल. तेवढ्याच वजनाचं जर्मन सिल्व्हर १.३५च्या आसपास जातं. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा: उत्तर १०.३च्या जवळ हवं. नाणं झिजून ११.४५ झालेलं असलं तरी उत्तर तेच येतं, हीच या पद्धतीची खरी गंमत.

एक सांभाळा, १९४०पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. तिथे उत्तर साडेनऊच्या आसपास येणार. त्याला खोटं ठरवून चांगला माल परत करू नका.

आता पाणी जिथे हरतं ते. १९३९चा रुपया दुर्मीळ, त्याला भाव मोठा. म्हणून १९३८च्या अस्सल रुपयावरच्या ८चा ९ केला जातो. चांदी खरी, वजन खरं, साल तेवढं खोटं! इथे दहापट भिंग लागतं. शेवटच्या आकड्याभोवती ओरखडे आहेत का, तिथली जमीन बाकीच्या नाण्यापेक्षा खोल किंवा जास्त चकचकीत दिसते का, ९ची जाडी शेजारच्या ३शी जुळते का, ते बघा. ओतीव नकलेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं आणि कडेला सांध्याची रेघ सापडते.

विकणारा घाई करत असेल, पाण्यात बुडवू देत नसेल, तर तिथून सरळ उठा. आणि १९३९चा रुपया असेल, तर जाणकाराला दाखवून होईपर्यंत पैसे देऊ नका. बिलावर साल आणि वजन लिहून घ्या, ‘खोटं निघाल्यास परत’ हेही.