शेतांतील खत आणि समुद्रांतील मासा

शेतांत घातलेलें खत पिकाच्या मुळांशीं पोंचलें नाहीं, तर तें जातें कोठें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. खत वाहून गेलें म्हणजे आपलें नुकसान झालें, एवढ्यावरच आपण थांबतों. परंतु त्याचा प्रवास तेथें संपत नाहीं. ओघळांतून ओढ्यांत, ओढ्यांतून नदींत व नदींतून समुद्रांत जाऊन तें तेथें एक निराळेंच पीक उभें करतें. त्या पिकाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

समुद्रांतील शेवाळ

समुद्राच्या पाण्यांत डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पति तरंगत असतात. त्यांस सोयीसाठीं आपण शेवाळ म्हणूं. जमिनीवर गवताचें जें स्थान, तेंच समुद्रांत यांचें. लहान जीव शेवाळावर जगतात, त्या जीवांवर मासे व माशांवर माणसें. म्हणून शेवाळ हें स्वभावतः वाईट नव्हे. पिकाप्रमाणेंच त्याला ऊन, नत्र व स्फुरद लागतें. हें अन्न एकदम विपुल मिळालें, कीं त्याची वाढ बेसुमार होते व पाणी हिरवें, तांबडें किंवा तपकिरी दिसूं लागतें. अशा वाढीपासून होणारी हानि मुख्यतः दोन प्रकारची आहे: एक गुदमरण्याची व दुसरी विषाची.

मिसिसिपीच्या मुखाशीं

पहिल्या प्रकाराचें ठळक उदाहरण मेक्सिकोच्या आखातांत, मिसिसिपी नदीच्या मुखाशीं आढळतें. अमेरिकेच्या सलग भूमीचा सुमारें ४१ टक्के भाग या नदीच्या खोऱ्यांत येतो, व त्यांत मका आणि सोयाबीन यांचीं विस्तीर्ण शेतें आहेत. तेथील कित्येक पाणथळ जमिनींखालीं निचऱ्याचे नळ पुरलेले आहेत. नायट्रेटच्या रूपांतील नत्र मातीच्या कणांस धरून राहत नाहीं; तें पाण्यांत विरघळून या नळांवाटें सरळ ओढ्यांत उतरतें. स्फुरद बरेंचसें वाहत्या मातीबरोबर जातें.

वसंतऋतूंतील पावसानें हीं द्रव्यें आखातांत येतात. नदीचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतें. त्या थरांत शेवाळ माजतें, मरतें व तळाशीं बसतें. तळाशीं सूक्ष्म जंतु तें कुजवितात आणि त्या कामीं पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडतो. वरच्या थराचें झांकण असल्यामुळें नवा प्राणवायु खालीं पोंचत नाहीं. लिटरमागें २ मिलिग्रॅमहून कमी प्राणवायु उरला, कीं मासे व कोळंबी तो भाग सोडून जातात. ज्यांना पळतां येत नाहीं, ते तळांतील किडे व शिंपले गुदमरून मरतात. शरदऋतूंतील वादळांनीं पाणी ढवळलें म्हणजे तळाला पुन्हा श्वास मिळतो. पण पुढील वर्षीं तोच क्रम चालू होतो.

१९८५ पासून शास्त्रज्ञ बहुतेक दर उन्हाळ्यांत या मृत प्रदेशाची मोजणी करीत आले आहेत. २०१७ सालीं त्याचें क्षेत्र सुमारें २२,७०० चौरस किलोमीटर भरलें; इतकें मोठें क्षेत्र तत्पूर्वीं मोजलें गेलें नव्हतें. तें २०३५ पर्यंत ५,००० चौरस किलोमीटरच्या आंत आणण्याचें उद्दिष्ट ठरविलेलें आहे.

विषारी शेवाळ

कांहीं जातींचें शेवाळ स्वतःच विष उत्पन्न करतें. फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅरेनिया ब्रेव्हिस नामक जातीचें विष माशांच्या मज्जातंतूंवर आघात करतें. २०१७ च्या अखेरीपासून २०१९ च्या आरंभापर्यंत टिकलेल्या तिच्या बहरांत असंख्य मासे, तसेंच समुद्रकासवें व मॅनटी हे प्राणी मेले. ही जात दूर समुद्रांत उगम पावते. म्हणून तिचा सर्व दोष शेतीवर टाकणें न्याय्य होणार नाहीं. मात्र किनाऱ्याशीं आल्यावर जमिनीवरून वाहत आलेलें अन्न तिला पोसूं शकतें.

शिंपल्यांत असलें विष सांठतें व शिजविल्यानेंहि जात नाहीं. १९९७ सालीं केरळांतील विळिंजम येथें असे शिंपले खाल्ल्यानें अनेक माणसें आजारी पडलीं व कांहीं दगावलीं.

आपलें कर्तव्य

गोदावरी व कृष्णा आपल्या शेतांतील पाणी बंगालच्या उपसागरास नेतात आणि कोंकणांतील नद्या अरबी समुद्रास मिळतात. अरबी समुद्राच्या खोल थरांत प्राणवायु मुळांतच अल्प असतो, व नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळांत तसलें पाणी पश्चिम किनाऱ्यालगत वर येतें. तेथें वरून आणखी भर पडणें हिताचें नाहीं. यास्तव पुढील गोष्टी प्रत्येकानें पाळाव्या:

१. माती तपासूनच खताचें मान ठरवावें.
२. युरिया एकदम न देतां पिकाच्या वाढीप्रमाणें हप्त्यांनीं द्यावा, व मोठ्या पावसाचीं चिन्हें असतां देऊं नये.
३. बांध दुरुस्त ठेवावे. ओढ्याकांठीं गवताचा पट्टा राखावा.
४. शेणखताचा ढीग ओघळाच्या वाटेवर घालूं नये.

यांपैकीं एकाहि गोष्टीनें उत्पन्न घटत नाहीं. जें नत्र समुद्रांत मासा मारतें, त्याचे पैसे आपणच मोजलेले असतात. तें शेतांत राहिलें तर आपल्या पदरीं धान्य पडेल आणि कोळ्याच्या जाळ्यांत मासा.